युरिक ॲसिड वाढले म्हणून डाळ सोडू नका, आधी कमरेचा घेर मोजा

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे युरिक ॲसिडविषयी आहेत आणि त्यांतील बहुतेकांमध्ये एक वाक्य हमखास आढळते: "रिपोर्टमध्ये युरिक ॲसिड वाढलेले आले, म्हणून डाळी बंद केल्या." आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये ही चाचणी आता सरसकट असते. आकडा ठळक अक्षरांत छापून येतो आणि त्याचा अर्थ समजावून सांगायला कोणी नसते. म्हणून यातील काही प्रश्न सविस्तर घेत आहे.

प्रश्न : मी 42 वर्षांचा असून मुलुंडला राहतो. कार्यालयाच्या वार्षिक तपासणीत युरिक ॲसिड 7.8, उपाशीपोटीची साखर 108 आणि ट्रायग्लिसराइड 230 आले. कमरेचा घेर 98 सेंटिमीटर आहे. रक्तदाबाची गोळी सुरू आहे, सांधे कधीच दुखले नाहीत. घरच्यांनी डाळ, पालक, टोमॅटो बंद केले आहेत. युरिक ॲसिडची गोळी सुरू करावी का?

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून या गोळीची गरज दिसत नाही. मात्र रिपोर्ट बाजूला ठेवून देण्यासारखाही नाही, कारण आपल्या युरिक ॲसिडइतकेच शेजारचे आकडेही बोलके आहेत.

युरिक ॲसिड तयार होते ते प्युरिन नावाच्या द्रव्यांच्या विघटनातून. त्यातील सुमारे दोन तृतीयांश भाग आपल्याच पेशींच्या झीज-भरीतून येतो, उरलेला आहारातून. ते बाहेर टाकण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंडे करतात, आणि बहुसंख्य लोकांमध्ये ही पातळी वाढते ती ते जास्त तयार झाल्यामुळे नव्हे, तर पुरेसे बाहेर न गेल्यामुळे. पोटाभोवती चरबी साठली की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते, आणि हे वाढलेले इन्सुलिन मूत्रपिंडांना युरिक ॲसिड पुन्हा रक्तात ओढून घ्यायला लावते. भारतीय पुरुषांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा 90 सेंटिमीटर मानली जाते. आपला घेर, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब हे चारही एकाच दिशेला बोट दाखवत आहेत, आणि युरिक ॲसिड त्यांच्याच रांगेत उभे आहे.

म्हणून लक्ष डाळीवरून काढून साखरेकडे वळवावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. यकृतात फ्रुक्टोजवर वेगाने प्रक्रिया होताना पेशीतील ऊर्जाद्रव्य खर्ची पडते आणि त्याच्या विघटनातून थेट युरिक ॲसिड तयार होते. कार्यालयात दिवसभरात पाच कटिंग चहा, प्रत्येकात दीड चमचा साखर, असा हिशेब केला तरी 30 ग्रॅमच्या वर साखर पोटात जाते. संध्याकाळच्या 300 मिलिलिटर कोलातून तेवढीच आणखी येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. गूळ, मध आणि डबाबंद फळांचा रस यांनाही या हिशेबातून सूट नाही. अख्खे फळ मात्र खुशाल खावे.

डाळ आणि पालकाबद्दल सांगायचे तर, अमेरिकेत 47 हजारांहून अधिक पुरुषांचा 12 वर्षे मागोवा घेऊन 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांस आणि सागरी अन्नामुळे गाऊटचा, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात जमून होणाऱ्या संधिवाताचा, धोका वाढलेला आढळला, पण प्युरिनयुक्त भाज्यांमुळे तो वाढला नाही, आणि दुग्धजन्य पदार्थ खाणाऱ्यांमध्ये तो कमी होता. टोमॅटोत तर प्युरिन नगण्य असते. वरण आणि मुगाची उसळ ताटातून काढली की त्यांची जागा बहुधा आणखी एक पोळी किंवा जास्तीचा भात घेतो, आणि आपल्यासारख्या प्रकृतीला नेमके तेच मानवत नाही. घरच्यांना हे अवश्य वाचून दाखवावे. ताक आणि दही तर रोज असावे.

आता गोळी का नको, ते सांगतो. युरिक ॲसिड औषधाने खाली आणले तर हृदय आणि मूत्रपिंडे वाचतील, अशी आशा वैद्यकशास्त्राला बरीच वर्षे होती. 2020 साली मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांवरील दोन चाचण्यांमध्ये ॲलोप्युरिनॉल या युरिक ॲसिड उतरवणाऱ्या औषधाने विकाराची वाटचाल मंदावली नाही, आणि 2022 साली ब्रिटनमधील साठीच्या पुढच्या सुमारे 6 हजार हृदयरुग्णांच्या चाचणीतही हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या नाहीत. त्यामुळे गाऊट किंवा मुतखडा नसताना केवळ आकड्यासाठी औषध देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनाही लक्षणे नसलेल्यांना ते सुरू न करण्याच्याच बाजूने आहेत.

आपल्या रक्तदाबाच्या गोळीच्या पाकिटावरील नाव मात्र एकदा पाहावे. अनेक जोडगोळ्यांमध्ये हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन हे लघवी वाढवणारे औषध असते आणि त्याने युरिक ॲसिड चढते. गोळी स्वतःहून बंद करू नये. पर्याय आहे का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. लोसार्टन या रक्तदाबाच्या औषधाने तर युरिक ॲसिड थोडे उतरते. वजन हळूहळू पाच ते दहा टक्क्यांनी कमी करावे आणि तीन-चार महिन्यांनी सर्व चाचण्या पुन्हा कराव्यात. महिन्यात दहा किलो घटवण्याच्या नादी लागू नये, कारण कडक उपासात तयार होणारी कीटोन द्रव्ये युरिक ॲसिडची बाहेर जाण्याची वाट अडवतात.

प्रश्न : आम्ही माहीमच्या कोळीवाड्यातले. मला 51 व्या वर्षी गाऊट झाल्याचे निदान झाले असून गेल्या वर्षभरात तीनदा सांधा सुजला. मासळी पूर्ण बंद करा असे सांगितले आहे. मग आम्ही जेवायचे काय?

उत्तर : मासळी पूर्ण बंद करण्याची गरज नाही, पण निवड आणि प्रमाण बदलावे लागेल. तारली, मांदेली, बांगडा आणि तिसऱ्या यांत प्युरिन अधिक असते. सुकट, जवळा, सोडे आणि सुके बोंबील यांतील पाणी उडून गेलेले असल्यामुळे मूठभर सुकटीतून ताज्या कोलंबीच्या मानाने कितीतरी अधिक प्युरिन पोटात जाते. ताजा पापलेट किंवा सुरमईची एखादी तुकडी आठवड्यातून दोनदा चालेल. आणखी एक बाब सहसा कोणी सांगत नाही. मासे किंवा मटण शिजताना प्युरिनचा बराच अंश पाण्यात उतरतो, आणि आपण ते पाणी फेकत नाही, कालवण म्हणून भातावर ओततो. तेव्हा तुकडी खावी आणि रस्सा बेताने घ्यावा. कलेजी, वजडी आणि पायाचे सूप मात्र वर्ज्य समजावे. बिअरही बंद करावी. तिच्यात मद्याबरोबर प्युरिनही असते.

हे सगळे काटेकोरपणे पाळले तरी आहाराने पातळी साधारण एका मिलिग्रॅमने खाली येते. वर्षभरात तीन झटके आलेल्या माणसाला तेवढे पुरत नाही. आपल्याला औषध लागेल. ते पथ्य मोडल्याची शिक्षा आहे असे मुळीच समजू नये, कारण या आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

प्रश्न : वय 56, बोरिवली. सकाळी उठल्यावर पहिली पावले टाकताना टाच असह्य दुखते, थोडे चालल्यावर बरे वाटते. युरिक ॲसिड 6.3 आहे. त्यामुळेच टाच दुखते का?

उत्तर : बहुधा नाही. आपण केलेले वर्णन तळपायाच्या पट्ट्याला आलेल्या सुजेचे आहे. त्यावर पोटरी व तळव्याला ताण देण्याचे व्यायाम, मऊ तळाची चप्पल घरातही वापरणे आणि वजन कमी करणे हे उपाय आहेत. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचे युरिक ॲसिड चढतेच, कारण ते बाहेर टाकायला मदत करणारे इस्ट्रोजेन कमी होते. दोन्ही गोष्टी एकाच वयात येतात म्हणून एकीचा दोष दुसरीवर जातो.

प्रश्न : दादरहून वडिलांबद्दल (वय 63) विचारत आहे. मध्यरात्री पायाचा अंगठा लालबुंद होऊन सुजला, चादरीचा स्पर्शही सोसवेना. दुसऱ्या दिवशी युरिक ॲसिड 5.9 आले, तेव्हा ओळखीच्या एकाने गाऊट नाही असे सांगितले. त्यानंतर दोनदा तसेच झाले. मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून देतो.

उत्तर : रक्तात युरेट (म्हणजे रक्तातील युरिक ॲसिड) विरघळून राहण्याची मर्यादा साधारण 6.8 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. साखरेच्या घट्ट पाकात जशी तळाशी खडी धरते, तसे या मर्यादेपलीकडे सांध्यात सुईसारखे स्फटिक जमू लागतात, आणि पायाचा अंगठा शरीराच्या मानाने थंड असल्याने तिथे ते लवकर जमतात. पण ऐन झटक्यात रक्तातील पातळी अनेकदा उतरते. त्या दिवशीच्या 5.9 वरून गाऊट नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. झटका ओसरल्यावर किमान दोन आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी. सांध्यातील द्रव सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हे सर्वांत खात्रीचे निदान होय. सांधा सुजण्याबरोबर ताप असेल तर जंतुसंसर्गाची शक्यता असते, आणि तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मेडिकलमधून गोळ्या आणणे मात्र कृपया थांबवावे. 63 व्या वर्षी मूत्रपिंडांची स्थिती ठाऊक नसताना वेदनाशामक गोळ्या वारंवार घेणे धोक्याचे आहे. आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे कार्य दाखवणारी रक्तचाचणी, करून घ्यावी. झटक्यात कोल्चिसिन (गाऊटची सूज शमवणारे औषध), वेदनाशामक किंवा थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइड यांपैकी काय द्यायचे, ते त्यावर ठरेल.

झटका शमवणे आणि झटके येऊच न देणे हे दोन वेगळे उपचार आहेत, आणि सर्वाधिक घोळ इथेच होतो. वारंवार झटके येत असतील तर ॲलोप्युरिनॉल 100 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने सुरू करून, दर काही आठवड्यांनी रक्त तपासत, पातळी 6 च्या खाली येईपर्यंत वाढवतात. पातळी उतरू लागली की जुने स्फटिक हलतात आणि सुरुवातीच्या महिन्यांत एखादा झटका येऊ शकतो. 'गोळीनेच दुखणे वाढले' असे म्हणून अनेक जण नेमक्या याच वेळी औषध सोडतात. म्हणून पहिले तीन ते सहा महिने सोबत कमी मात्रेत कोल्चिसिन देतात. बरे वाटले तरी गोळी चालू ठेवायची असते. अंगावर पुरळ उठले तर मात्र ॲलोप्युरिनॉल तत्काळ थांबवून डॉक्टरांना गाठावे, त्यात एक दिवसही दवडू नये.

प्रश्न : कुर्ला. माझ्या वहिनींना क्षयरोगाचे उपचार सुरू होऊन महिना झाला. युरिक ॲसिड 9 आले आहे. गोळ्या थांबवाव्यात का?

उत्तर : अजिबात थांबवू नयेत. उपचारातील पायराझिनामाइडने युरिक ॲसिड वाढते, हे अपेक्षितच आहे. नेहमीच्या उपचारात हे औषध पहिले दोन महिने असते आणि ते संपल्यावर पातळी आपोआप उतरते. सांधे सुजले तर उपचार देणाऱ्या केंद्रात सांगावे. क्षयाचे औषध मध्येच सोडण्याचा धोका या आकड्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

प्रश्न : वय 38. रोज लोकलने कल्याण ते सीएसएमटी असा प्रवास. वाटेत स्वच्छतागृहाची सोय नसते म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाही. आता सोनोग्राफीत मूत्रपिंडात 6 मिलिमीटरचा खडा दिसला, एक्स-रेमध्ये मात्र दिसत नाही. युरिक ॲसिडचा खडा असेल का?

उत्तर : तशी शक्यता आहे, कारण निव्वळ युरिक ॲसिडचे खडे साध्या एक्स-रेमध्ये उमटत नाहीत. लघवीच्या साध्या तपासणीत पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) किती आला ते पाहावे. तो 5.5 च्या खाली असेल तर शक्यता बळावते. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरात लघवी अधिक आम्लधर्मी होते, म्हणून मधुमेह आणि स्थूलता असलेल्यांमध्ये हे खडे जास्त आढळतात. आपली साखरही तपासून घ्यावी. समाधानाची बाब अशी की, मुतखड्यांच्या प्रकारांत हा खडा औषधाने विरघळू शकतो. त्यासाठी पोटॅशियम सायट्रेटने लघवीची आम्लता कमी करतात, परंतु मूत्रपिंडांचे कार्य आणि रक्तातील पोटॅशियम पाहिल्याशिवाय ते घेऊ नये.

पाण्याबद्दल आपण लिहिलेली अडचण या शहरात हजारो स्त्रियांची आहे आणि त्यात आपला काहीही दोष नाही. तूर्त एवढे करता येईल: कार्यालयात पोहोचताच अर्धा लिटर पाणी घ्यावे, दुपारपर्यंत आणखी एक लिटर, आणि घरी परतल्यावर झोपेपर्यंत उरलेले. दिवसभरात दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी आणि तिचा रंग फिका असावा, हे लक्ष्य ठेवावे. मे आणि ऑक्टोबरच्या घामात त्यासाठी अधिक पाणी लागेल. पाठीत कळा येऊन थंडी-ताप भरला किंवा लघवी अडली, तर पाणी पिऊन वाट पाहू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.