3.1 ग्रॅमचा टायबेरियस घ्यावा का?

तुमचे प्रश्न दोन: दक्षिण भारतात 'सापडलेला' म्हणून स्वस्तात मिळणारा रोमन सम्राट टायबेरियसचा डिनेरियस (चांदीचे नाणे) घ्यावा का, आणि बारा सीझरांचा (ज्युलियस सीझर ते डोमिशियन) चांदीतला संच कुठून सुरू करावा.

हे नाणे घेऊ नका. विक्रेत्याने वजन 3.1 ग्रॅम लिहिले आहे, तिथेच ते नापास होते. ऑगस्टसच्या काळात एका रोमन पौंडातून 84 डिनेरियस पाडत, म्हणजे नाण्यामागे सुमारे 3.9 ग्रॅम. इ.स. 64 च्या सुमारास नीरोने ती संख्या 96 वर नेली, वजन 3.4 वर आले आणि चांदीचा कसही उतरला. टायबेरियस (इ.स. 14 ते 37) त्याच्या आधीचा. त्याचे बऱ्यापैकी वापरलेले नाणेही साधारण 3.6 ते 3.8 ग्रॅम भरते. फोटोत चेहरा ठसठशीत आहे, मग एवढी घट झिजेने आली म्हणणे पटत नाही. दक्षिण भारतातल्या साठ्यांत ऑगस्टस आणि टायबेरियसचीच नाणी भरपूर मिळाली आहेत, त्यामुळे विक्रेत्याची हकिकत खरी वाटते एवढेच.

हलके नाणे बहुधा तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवलेले (हा प्राचीन काळचाच बनावट प्रकार), नाहीतर साच्यात ओतलेली आजची नक्कल असते. घरी तपासता येते. 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणे दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा. तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. आता दिसेल तो आकडा म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. नाण्याच्या वजनाला त्याने भागा. चांदीची घनता 10.5, तांब्याची 8.96. चांगल्या चांदीचे 3.75 ग्रॅमचे नाणे 0.36 दाखवेल, तांब्याचा गाभा असेल तर 0.40 च्या वर. फरक इतका बारीक असल्याने पाच वेळा मोजून सरासरी घ्या, आणि चिकटलेले बुडबुडे घालवायला पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाका. तडे गेलेल्या नाण्यात हवा अडकून घनता कमी दिसते, हे लक्षात ठेवा. सराफाच्या कॅरेटमीटरवर विसंबू नका. ते पृष्ठभागच वाचते आणि पत्रा चढवलेले नाणेही तिथे पास होते. कसोटीवर तर घासूच नका.

नंतर भिंगाखाली कड पाहा. हातोड्याने पाडलेल्या नाण्याच्या कडेला छोट्या चिरा असणे स्वाभाविक आहे. ओतलेल्याच्या कडेला जोडरेषा किंवा ती लपवायला मारलेल्या कानशीचे ओरखडे दिसतात, पृष्ठभागावर सूक्ष्म खड्डे असतात आणि अक्षरांचे पाय साबण विरघळावा तसे गोलसर होतात. जुन्या विक्रींचे फोटोही धुंडाळा. एकाच ठशाची दोन नाणी असू शकतात, पण त्यांचा आकार, ठशाची सरक आणि ओरखडे कधीच जुळत नाहीत. जुळले तर निदान एक तरी नकली.

अक्षरे बिघडलेली आहेत एवढ्यावरून मात्र नाणे आजचे बनावट ठरत नाही. टायबेरियसच्या या नाण्याच्या (मागे 'पाँटिफ माक्सिम', म्हणजे 'मुख्य पुरोहित', ही अक्षरे आणि बसलेली स्त्री) नकला भारतात त्या काळीच होत होत्या. त्या वेगळ्या जमवाव्यात इतक्या रंजक आहेत, पण त्या 'भारतीय नक्कल' म्हणूनच विकत घ्याव्यात.

संचाविषयी माझे मत स्पष्ट आहे: बारा सीझरांपासून सुरुवात करू नका. कॅलिगुला आणि क्लॉडियस चांदीत महाग पडतात. ओथो इ.स. 69 मध्ये जेमतेम तीन महिने गादीवर होता आणि रोमच्या टांकसाळीने त्याच्या नावाने तांब्या-पितळेची नाणी काढलीच नाहीत, त्यामुळे सगळे संग्राहक त्याच्या डिनेरियसच्याच मागे असतात. सुरुवातीला नंतरच्या सम्राटांपैकी अँटोनायनस पायस, त्याच्या राणीची मरणोत्तर 'दिवा फाउस्टिना' नाणी, सेप्टिमियस सेव्हेरस आणि सेव्हेरस अलेक्झांडर घ्या. नाणी मुबलक, चेहरे रेखीव, चुकलात तरी नुकसान थोडे. सेप्टिमियसच्या काळात चांदी निम्म्यावर आली होती, म्हणून त्याच्या नाण्याला वरची घनता लावू नका. सीझरांपैकी व्हेस्पेशियन आणि डोमिशियन आधी. डोमिशियनच्या नाण्यांवर मिनर्व्हा देवी चार वेगवेगळ्या पवित्र्यांत येते आणि पदांचे आकडे असल्याने वर्षही काढता येते. ते वाचण्याचा सराव अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या 'ओक्रे' या मोफत ऑनलाइन सूचीवर करा.

चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर काहीही लावू नका. जमिनीत राहिलेली चांदी ठिसूळ होते, फरशीवर पडली तरी तुकडे होतात. मऊ पीव्हीसीचे अल्बम हिरवा चिकट थर सोडतात, रबरबँडमधले गंधक चांदी काळी करते. मायलरचे पाकीट, डब्यात सिलिका जेल, आणि कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात ते दर महिन्याला बदला.

आणि 'सापडलेला' हा शब्द विक्रेत्याकडून ऐकल्यावर बिल मागा. 1878 च्या कायद्यानुसार जमिनीत मिळालेला दहा रुपयांवरचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. शिवाय 1972 च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांवरचे नाणे खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या भावंडांना भेट म्हणून तर अजिबात पाठवू नका.