ईपी स्टडीत एकाच वेळी इतके कॅथेटर कशासाठी?

आपल्या आईंचे ठोके अचानक १८०पर्यंत जातात, डॉक्टरांना एव्हीएनआरटीची (विजेचा संदेश एक जलद व एक मंद अशा दोन वाटांत गोल फिरत राहून होणारी धडधड) शंका आहे आणि त्यांनी ईपी स्टडी (हृदयातील विजेच्या संदेशांची तपासणी) व त्याच बैठकीत अ‍ॅब्लेशन (बिघडलेली वाट जाळून बंद करणे) सुचवले आहे. चार-चार कॅथेटर हृदयात कशाला आणि त्यानंतर पेसमेकर बसवावा लागेल का, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे कॅथ लॅबमध्ये रेकॉर्डिंगच्या पडद्यासमोर काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

यांतील बहुतेक कॅथेटर जाळण्यासाठी नसतात, ऐकण्यासाठी असतात. जांघेतील शिरेतून नेलेल्या, साधारण २ मिलिमीटर जाडीच्या या नळ्यांच्या टोकाशी इलेक्ट्रोड असतात. एक उजव्या कर्णिकेत, एक उजव्या जवनिकेत, एक हिस बंडलजवळ (कर्णिकेचा संदेश जवनिकेकडे नेणारा तंतूंचा जुडगा) आणि एक कोरोनरी सायनसमध्ये ठेवतात. कोरोनरी सायनस ही शीर डाव्या कर्णिकेला लागून जात असल्यामुळे डाव्या बाजूला न शिरताही तिकडचे संदेश मिळतात. हिस बंडलचा संदेश म्हणजे कर्णिका आणि जवनिका यांच्या मोठ्या लहरींमधला एक बारीक, टोकदार काटा. तो नेहमीच्या ईसीजीत दिसत नाही. कॅथेटरने तो खात्रीने टिपण्याची पद्धत १९६९ मध्ये शेरलाग आणि सहकाऱ्यांनी दाखवली.

त्यानंतर कर्णिकेला मुद्दाम एक जादा ठोका देतात आणि तो दर वेळी १० मिलिसेकंद लवकर आणत जातात. एका क्षणी कर्णिकेपासून हिसपर्यंतचा वेळ एकदम ५० मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक लांबतो, म्हणजे जलद वाट थकली आणि संदेश मंद वाटेने उतरला. पुष्कळदा त्याच ठोक्याला आईंना होणारी धडधड पडद्यावर सुरू होते. निदान तिथे पक्के होऊ लागते.

आता पेसमेकरविषयी. १९८२ मध्ये कॅथेटरमधून विजेचा जोरदार धक्का देऊन एव्ही जंक्शनच (कर्णिका आणि जवनिका यांना जोडणारा विजेचा दुवा) तोडत असत, तेव्हा पेसमेकर उपचाराचाच भाग होता; ही भीती बहुधा तिथूनच आली असावी. आज रेडिओलहरींच्या उष्णतेने, हिसच्या बरेच खाली, कोरोनरी सायनसच्या तोंडाजवळची फक्त मंद वाट जाळतात. उष्णता देताना जंक्शनचे संथ ठोके उमटले तर आम्हाला बरे वाटते, कारण कॅथेटर योग्य जागी असल्याची ती खूण असते. मात्र त्या ठोक्यांमागे कर्णिकेची लहर उमटली नाही, तर ऊर्जा तत्काळ बंद करतात. कायमच्या हार्ट ब्लॉकचा (कर्णिकेचा संदेश जवनिकेपर्यंत न पोहोचण्याचा) धोका आहे, पण तो साधारण एक टक्का किंवा त्याहूनही कमी आहे.

जागा हिसच्या फार जवळ असेल तर क्रायो कॅथेटरचा (जाळण्याऐवजी गोठवणाऱ्या) पर्याय जरूर विचारावा. उणे ३० अंशांच्या आसपास परिणाम आधी तपासता येतो आणि थांबल्यास पेशी सहसा पूर्ववत होतात; मात्र त्रास पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण त्यात काहीसे जास्त असते.

आणि ठोके आवरणारी औषधे कधी थांबवायची, हे डॉक्टरांकडून लेखी घ्यावे. ती अंगात असली तर धडधड सुरूच होत नाही आणि इतके कॅथेटर आत असूनही ऐकण्यासारखे काही उरत नाही.