चंद्रमोहिमेवर काम करायचंय, मग एमएस अमेरिकेत करू का जर्मनीत?

तुझा प्रश्न थोडक्यात असा की मेकॅनिकलचं शेवटचं वर्ष चालू आहे, आर्टेमिसवर, म्हणजे नासाच्या चंद्रमोहिमेवर काम करायचंय, पन्नास लाखांचं लोन काढून अमेरिकेत एमएस करू का जर्मनीला जाऊ, आणि नासात आपल्या लोकांना घेतात का. उत्तराला उशीर झाला, मागचे दोन आठवडे शिफ्टमध्ये होते. मी कोल्हापूरची, वडिलांचं उद्यमनगरात दोन लेथचं वर्कशॉप, २०१६ ला मास्टर्ससाठी जर्मनीत ब्रेमेनला आले ती इथलीच झाले. ओरायन, म्हणजे आर्टेमिसमध्ये माणसं नेणारं यान, त्याच्या सर्व्हिस मॉड्यूलसाठी काम करणाऱ्या एका छोट्या सप्लायरकडे टेस्टिंग आणि क्वालिटी बघते. कंपनीचं नाव विचारू नकोस.

आधी कडू ते सांगते. नासाच्या पर्मनंट नोकरीला अमेरिकन नागरिकत्व लागतं, अपवाद अगदी क्वचित. बरं, नासा नको, कंत्राटदार कंपन्या चालतील म्हणशील तर त्यांच्या जाहिरातीत खाली 'यूएस पर्सन' लिहिलेलं असतं ते वाच, म्हणजे नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला, नाहीतर आश्रय मिळालेला. कारण आयटार नावाचे निर्यातीचे नियम, रॉकेट आणि यानाचं बरंचसं तंत्रज्ञान शस्त्रांच्याच यादीत बसतं, आणि परदेशी माणसाला नुसतं ड्रॉइंग दाखवलं तरी ती निर्यात धरतात. आता भारतात जन्मलेल्याची ग्रीन कार्डची रांग दहा वर्षांच्या पुढे, तोवर तू एच१बी या कामाच्या व्हिसावर कुठल्यातरी गाड्यांच्या कंपनीत असशील आणि लोन फेडत असशील. विद्यापीठातून संशोधनाच्या बाजूने शिरणारे असतात, नाही असं नाही, पण त्या भरवशावर पन्नास लाख मी तरी काढले नसते.

पूर्वी वेगळं होतं हे खरं. २० फेब्रुवारी १९५९ ला कॅनडाने ॲव्हरो ॲरो हे लढाऊ विमान एका दिवसात रद्द केलं, हजारो लोक रस्त्यावर आले, आणि त्यातले पंचवीस-तीस इंजिनिअर थेट नासाने उचलले. त्यातला जिम चेंबरलिन अपोलोच्या आधीच्या जेमिनी यानाचा मुख्य माणूस झाला, ओवेन मेनार्ड अपोलोच्या चंद्रावर उतरणाऱ्या यानावर होता. त्यांच्याकडे नासाला हवी ती कला तयार होती आणि वेळ जुळून आली. तुझी वेळ तशी नाही, एवढंच.

आता युरोप. ओरायनमध्ये माणसं बसतात तो वरचा भाग अमेरिकन, पण त्याच्या खालचं सर्व्हिस मॉड्यूल, म्हणजे इंजिनं, वीज, पाणी, ऑक्सिजन ज्यात असतं तो भाग, ते युरोपचं आणि जोडणी ब्रेमेनला एअरबसकडे. सांगाडा इटलीत तुरिनहून येतो, सोलर पंख नेदरलँड्सच्या लायडनहून, दहा देशांचे सप्लायर. एका मॉड्यूलवर ३३ इंजिनं, एक मोठं, आठ मधली आणि २४ छोटी, आणि केबल जवळपास १२ किलोमीटर. वाइजमन, ग्लोव्हर, कोक आणि हॅन्सन ही आर्टेमिस २ च्या चार अंतराळवीरांची नावं तुला पाठ असतील, त्यांच्या प्यायच्या पाण्याची टाकी कुठली हे ज्यांना पाठ आहे ती माणसं इथे बसतात, सायकलवरून येतात आणि डब्यात ब्रेड आणतात.

काम म्हणजे काय ते नीट ऐक, कारण तुझ्या प्रश्नात मला कंट्रोल रूम दिसतेय, हेडफोन लावलेली. माझा दिवस असा, क्लीनरूमचा डगला, टोपी, दोन जोड हातमोजे, मग एक कनेक्टर, त्यातल्या एकेका पिनचा क्रिंप, म्हणजे वायरवर दाबून बसवलेला जोड, भिंगाखाली बघायचा, नमुन्याचा ओढून तुटेपर्यंत टेस्ट करायचा, आकडा लिहायचा, सही, शिक्का. पुढचा. वडिलांना पहिल्यांदा टॉर्क रेंचबद्दल, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याबद्दल सांगितलं तर म्हणाले, अगं हाताला कळतंय की कधी टाइट झालं ते! चाळीस वर्षं लेथवर उभ्या माणसाला कळतं, खोटं नाही. इथे पण माझ्या शेजारचा टेक्निशियन तीस वर्षांचा मुरलेला, त्यालाही कळतं, तरी तो आकडा लिहितो.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी घोळ घातला होता. रेंचवर कॅलिब्रेशनची तारीख चिकटवलेली असते, ती संपून तीन दिवस झाले होते आणि मी तोच रेंच वापरत होते. रेंच बरोबर होता, नंतर तपासला तेव्हा कळलं, पण तोपर्यंत तीन दिवसांत आवळलेला प्रत्येक स्क्रू संशयित. मला वाटलं आता बॅग भरायची. साहेबाने आवाजही चढवला नाही, फक्त विचारलं, कुठले कुठले? माझ्या वहीत सगळे नंबर होते म्हणून दोन दिवसांत निस्तरलं. इथे चूक केल्याने नोकरी जात नाही, लपवल्याने जाते, आणि आपल्याकडे कॉलेजात प्रॅक्टिकलची रीडिंग आदल्या बॅचची उतरवायची सवय लागते ना, ती विमानात बसायच्या आधी सोड. मी चेष्टा करत नाहीये.

पण याच कामात कधीतरी अंगावर काटा येतो. १६ नोव्हेंबर २०२२, आर्टेमिस १ चं उड्डाण, रॉकेटमध्ये इंधन भरलेलं आणि खाली रॉकेट उभं असतं त्या लाँचरच्या एका व्हॉल्व्हमधून हायड्रोजन गळायला लागला. अशा वेळी तिथे कोणी फिरकत नाही. तरी बिली केर्न्स, चॅड गॅरेट आणि ट्रेंट ॲनिस हे तिघं, रेड क्रू म्हणतात त्यांना, भरलेल्या रॉकेटच्या बुडाशी गेले आणि नट आवळून आले. वर रॉकेट करकरत होतं, फुसफुसत होतं असं त्यातल्या एकाने नंतर सांगितलं. त्यानंतर काउंटडाउन पुढे सरकलं. नटच शेवटी!

पैशाचं. ब्रेमेनसारख्या सरकारी विद्यापीठात ट्यूशन फी नाही, सेमिस्टरला काही शे युरो भरायचे. श्टुटगार्टला बाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो, म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ पासून मोठी फी लावली, नेदरलँड्सचं डेल्फ्ट उत्तम पण महाग. ब्लॉक अकाउंटला, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधी भरून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायचे, हा आकडा बदलत राहतो, अर्जाच्या वेळी बघ. एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुझी कागदपत्रं खरी असल्याचा दाखला, २०२२ पासून सक्तीचं, त्याशिवाय व्हिसा नाही. पास झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, आणि ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या नोकरदारांचं परमिट, मिळालं की बी१ पातळीचं जर्मन असेल तर २१ महिन्यांत पर्मनंट रेसिडेन्सी. अमेरिकेच्या रांगेशी तूच तुलना कर.

मात्र इथे सगळं गोड आहे असं समजू नकोस. ईसाची, म्हणजे युरोपच्या अवकाश संस्थेची, स्वतःची नोकरी सदस्य किंवा सहयोगी देशांच्या नागरिकांनाच, भारत त्यात नाही, त्यामुळे आपण सप्लायरच्या दाराने शिरतो. ओरायनचं मोठं इंजिन अमेरिकन, शटलच्या जमान्यातलं, त्याचे कागद आले की आयटार आलं, माझ्यासारखी मीटिंगमधून उठून कॉफी प्यायला जाते. पहिल्या वेळी लय लागलं होतं मनाला, आता मी आधीच कॉफीचा मग धुऊन ठेवते. आणि जर्मन शिक. कोर्स इंग्रजीत असतो, पण शॉपफ्लोअर जर्मनमध्ये चालतो, आणि एनसीआर, म्हणजे काही चुकलं की भरायचा रिपोर्ट, तो टेक्निशियनशी बोलल्याशिवाय भरता येत नाही. डिसेंबरात चार-साडेचारला अंधार पडतो, पाऊस आडवा येतो, आणि परदेशी नागरिकांच्या ऑफिसात मला एका शिक्क्यासाठी पाच महिने थांबवलं होतं, तेही सोस.

म्हणून मी म्हणते देश मागून ठरव. आधी तुला काय जमतं ते बघ, वेल्डिंग का थर्मल का व्हॉल्व्ह का सॉफ्टवेअर, मग तो भाग चंद्राच्या यानात कुठल्या गावात बनतो ते शोध, आणि मग तुझ्या पासपोर्टला ते दार उघडतं का ते विचार. नासा हे नाव बायोडाटावर येणार नाही बहुतेक, त्याने झोप उडत असेल तर इकडे येऊ नकोस.

आर्टेमिस १ च्या उड्डाणाच्या दिवशी इथे सकाळचे ७:४७ वाजले होते, कॅन्टीनमध्ये सगळे उभे, आणि कोल्हापुरात दुपारी सव्वाबाराला वडील लेथ बंद करून मोबाईलवर बघत होते. पंचवीस दिवसांनी कॅप्सूल समुद्रात उतरली तेव्हा त्यांचा फोन, तुमचा भाग कुठाय? म्हटलं बाबा, तो उतरायच्या आधी सुटा करतात, वातावरणात जळून जातो. बराच वेळ गप्प, आणि मग, बिल दिलं ना पण त्यांनी?

एपीएसचं आजच बघ, वेळ लागतो त्याला.