विल्यम कार्नी पहिला की नाही?

प्रश्न : अमेरिकेच्या यादवी युद्धात मेडल ऑफ ऑनर (तिथलं सर्वोच्च लष्करी शौर्यपदक) मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय कोण, असं एका क्विझमध्ये विचारलं होतं. मी विल्यम कार्नी लिहिलं तर मार्क कापला. माझं काय चुकलं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : अगदीच चुकलं असं नाही हो. पराक्रमाची तारीख धरली तर कार्नीच पहिला, पण मेडल हातात पडल्याची धरली तर त्याचा नंबर बराच मागे जातो.

गडी जन्माने गुलाम, व्हर्जिनियातल्या नॉरफोकचा, १८४० च्या २९ फेब्रुवारीचा (म्हणजे वाढदिवसपण चार वर्षांतून एकदाच). पुढे कुटुंब मॅसॅच्युसेट्समध्ये न्यू बेडफर्डला आलं आणि १८६३ मध्ये उत्तरेच्या सैन्यासाठी मॅसॅच्युसेट्स राज्याची ५४ वी रेजिमेंट, कृष्णवर्णीय शिपायांची, उभी राहिली त्यात हा भरती झाला. पगार गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, ह्यांना १० आणि त्यातूनही ३ कपड्यांचे कापायचे, म्हणून ह्या लोकांनी वर्षभराहून जास्त काळ पगाराला हातच लावला नाही, फुकट लढले!

१८ जुलै १८६३ च्या संध्याकाळी चार्ल्सटनजवळच्या फोर्ट वॅग्नर ह्या दक्षिणेकडच्या बंडखोरांच्या किल्ल्यावर ह्या रेजिमेंटने हल्ला केला. त्या काळी धुरात माणसं झेंडा बघूनच पुढे सरकायची, त्यामुळे शत्रूचा नेम आधी झेंडेवाल्यावर, तो पडायला लागला तसा कार्नीने झेंडा पकडला आणि थेट तटापर्यंत नेला. रेजिमेंटचा प्रमुख कर्नल शॉ तिथेच मारला गेला, हल्ला फसला, आणि कार्नी गोळ्या खाल्लेल्या अंगाने जवळजवळ रांगत झेंडा परत घेऊन आला. आल्यावर म्हणाला काय, तर पोरांनो, मी फक्त माझं काम केलं, झेंडा जमिनीला टेकू दिला नाही.

जखमांमुळे १८६४ मध्ये त्याला सैन्यातून मोकळं केलं, आणि मग हा माणूस न्यू बेडफर्डमध्ये तीसेक वर्षं दारोदार टपाल वाटत फिरला. मेडल आलं २३ मे १९०० ला, म्हणजे जवळपास ३७ वर्षांनी. तोपर्यंत बऱ्याच कृष्णवर्णीयांना ते मिळून गेलं होतं, रॉबर्ट ब्लेक ह्या नौसैनिकाला तर १८६४ मध्येच. क्विझवाल्यांना बहुतेक हाच ब्लेक हवा होता.

शेवटी कार्नी बॉस्टनच्या स्टेट हाउसमध्ये निरोप्याचं काम करायचा, १९०८ मध्ये तिथल्याच लिफ्टमध्ये पाय अडकून जखमी झाला आणि त्यातच गेला.

मार्क परत मागायचाच असेल तर आधी विचारा, तारीख कुठली धरलीत म्हणून.