कॅमेरा तापून बंद पडतो, बिघडला का?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, मुक्काम अकोला. मुलाने दिलेला खिशात मावेल असा डिजिटल कॅमेरा माझ्याकडे आहे. मे महिन्यात पुतणीच्या लग्नात मांडवात व्हिडिओ घेत होते. दहा-बारा मिनिटांत कॅमेरा चांगलाच तापला, पडद्यावर थर्मामीटरसारखं चिन्ह आलं आणि ऐन मंगलाष्टकांत बंद पडला. दुकानदार म्हणतो मदरबोर्ड बदला, सहा हजार लागतील. नातू म्हणतो, फ्रीजमध्ये ठेव, लगेच गार होईल. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, अकोला

उत्तर : बाई, दोघांचंही ऐकू नका. नातवाचं तर मुळीच नको, ते पुढे सांगतो.

तुमचा कॅमेरा बंद पडला नाही, त्याने स्वतःला बंद केलं. थर्मामीटरचं चिन्ह त्याचसाठी असतं. कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका काढून बघा, अशा बहुतेक कॅमेऱ्यांना ० ते ४० अंशांत वापरा असं लिहिलेलं असतं. अकोल्याचा मे म्हणजे सावलीतच ४२-४३. म्हणजे तुम्ही बटण दाबलं तेव्हाच त्याची हद्द ओलांडलेली होती.

त्यात तुम्ही बहुधा ४केमध्ये, म्हणजे जास्त बारकावे टिपणाऱ्या दर्जात, चित्रण करत होता. ४केच्या एका चौकटीत ८३ लाख ठिपके, त्याखालच्या फुल एचडी दर्जात जेमतेम २१ लाख. असे सेकंदाला २५ वेळा वाचायचे, दाबून लहान करायचे, कार्डावर लिहायचे. हे सगळं काम मुठीएवढ्या डबीत, आणि आत पंखा नाही. उष्णता बाहेर जायला वाट एकच, कॅमेऱ्याचं अंग. त्यावर चामड्याचं कव्हर चढवलेलं असेल तर उन्हाळ्यात स्वेटर घातल्यासारखंच. शिवाय या कॅमेऱ्यांत पडदा चालू म्हणजे सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, चालू. तुम्ही नवरीची वाट बघत नुसता धरून उभ्या असता तेव्हाही तो आत तापतच असतो.

आता खरा बिघाड कसा ओळखायचा? सकाळच्या गारव्यात, घरात, साधे आठ-दहा फोटो काढा. तरीही तापला, किंवा बंद करून ठेवलेला असताना कोमट लागला, तर गडबड आहे. मग हात लावून बघा, गरम कुठे आहे. उजव्या मुठीच्या बाजूला, जिथे बॅटरी बसते तिथे असेल तर बॅटरी काढून सपाट काचेवर ठेवा आणि बोटाने हलकेच फिरवा. चांगली बॅटरी घासत थांबते. फुगलेली भोवऱ्यासारखी गरगरते. स्वस्तातल्या बिननावाच्या बॅटऱ्यांचं हे मी फार पाहिलंय. फुगलेली निघाली तर दाबू नका, चार्ज करू नका, कचऱ्याच्या बादलीत टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. बॅटरी आत अडकून बसली असेल तर सुरीने उचकटू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या. या चाचणीआधी मदरबोर्डाचे सहा हजार मोजायचं काही कारण नाही.

फ्रीजचं सांगतो. माझ्याकडे एक गृहस्थ असाच कॅमेरा घेऊन आले होते. फ्रीजमधून काढून थेट चिपळूणच्या पावसाळी हवेत आणलेला. आइस्क्रीमच्या वाटीला बाहेरून घाम येतो ना, तसा भिंगाच्या आत आला. त्यांनी तो तसाच कपाटात ठेवला. दोन महिन्यांनी मी उघडला तेव्हा आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. ओला रुमालही गुंडाळू नका. बंद करायचा, बॅटरीचं झाकण उघडायचं, पंख्याच्या वाऱ्याला ठेवायचा. पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

पुढच्या लग्नात फुल एचडी ठेवा. टीव्हीवर बघताना फरक कुणाच्या लक्षात येत नाही. वाय-फाय बंद, पॉवर बँक लावून चित्रण नको. पडदा हलणारा असेल तर मागच्या पाठीपासून थोडा दूर ओढा, पाठीला हवा लागते. हळद, सप्तपदी, सुनमुख असे तुकडे घ्या आणि मधल्या वेळात कॅमेरा बंद करा. काही कॅमेऱ्यांत नेहमीपेक्षा जास्त तापेपर्यंत बंद न होण्याची सोय मेनूत असते. ती लावली तर कॅमेरा हातात धरू नका, तिपाईवर ठेवा, नाहीतर हात भाजेल. आणि गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच नाही, पाच मिनिटंसुद्धा.

तापून बंद होताना बहुतेक कॅमेरे तोवरचं चित्रण जपून ठेवतात, तेव्हा कार्ड फॉरमॅट करण्याआधी एकदा संगणकावर लावून बघा. राहिलेली मंगलाष्टकं मात्र वऱ्हाडातल्या पोरांच्या मोबाइलमध्ये शोधावी लागतील. नातवालाच कामाला लावा.