बाईंना विचारा : तेराव्या पानापासून

बाई, सप्रेम नमस्कार.

मी ४३ वर्षांचा. डोंबिवलीला राहतो, फोर्टात एका ऑफिसात अकाउंट्सला आहे. रत्नागिरीकडच्या आमच्या घरातून आजोबांची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली. आत साठ-सत्तर कागद, सगळे जुन्या मोडी लिपीत. वडिलांनाही मोडी येत नव्हती, आणि आता तेही नाहीत. कागद स्वतः वाचायचे असं मी २०२१ च्या पाडव्याला ठरवलं. वही आणली, बोरू आणला, मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. बारा पानं झाली आणि ऑफिसात ऑडिट आलं. पुढच्या वर्षी पुन्हा नवी वही. मग एकदा दसऱ्याला, एकदा १ जानेवारीला. चार वह्या झाल्या, एकही बाराव्या पानापुढे गेली नाही. बायको म्हणते, तुम्हाला मोडीची नाही, वह्या आणायची आवड आहे. पहिल्या आठवड्यातला उत्साह टिकवायचा कसा? की माझ्यातच काही कमी आहे?

– वा., डोंबिवली

वा., वहिनींना माझा नमस्कार सांगा. रोग त्यांनी ओळखलाय, मी फक्त औषध लिहिते.

तुमचं पत्र वाचून मी कागदावर हिशेब मांडला. रोज एका अक्षराची बाराखडी, एका पानावर एक अक्षर, असं धरलं तर बाराव्या पानावर माणूस कुठे पोचतो? ङ आणि ञ धरून ठ वर. म्हणजे चार वर्षांत तुम्ही क चार वेळा शिकलात. म, र, ल, स एकदाही नाही. आजोबांच्या कागदांत काय असणार? मौजे अमुक, तालुके रत्नागिरी, सारा, रुपये, दस्तुर. ट्रंक उघडल्यावर यातलं काहीच लागत नाही, मग वाटतं आपल्याला हे जमणारं नाही. जमेल कसं? खरेदीखतातला ख तेवढा ओळखीचा.

तेव्हा पाचवी वही आणायची नाही. चौथी काढा, तेरावं पान उघडा आणि ड लिहा. पहिल्या बारांतलं विसरलं असेल तर विसरू दे. मागे वळून क गिरवायचा मोह होईल, कारण क आपल्याला छान येतो आणि छान आलेलं पाहून बरं वाटतं. तो मोह आवरा.

आता उत्साहाबद्दल. माझा लालबागला टायपिंगचा क्लास होता, १९८४ ते २०१४. चाळीच्या तळमजल्यावर बारा मशिनं, काही रेमिंग्टन, काही गोदरेज. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि तो संपला असं कुणी कधी धड सांगितलंच नाही. माझ्या पहिल्या बॅचेस त्याच घरांतल्या. बापाचा पगार बंद, आई खानावळीचे डबे करते, आणि पोरगी मिनिटाला मराठी तीस, इंग्रजी चाळीस शब्दांची परीक्षा पास होऊन कुठल्यातरी कचेरीत चिकटायचं म्हणून सकाळी सहाला माझ्या दारात. तिच्याकडे उत्साह कुठून असणार? डोळ्यांवर झोप असायची. तरी बोटं बसवायला एएसडीएफजीएफ, सेमिकोलन एलकेजेएचजे, पानच्या पान. त्या मुली टिकल्या त्या बॅचच्या वेळेवर. सहा म्हणजे सहा. आणि सातला पुढच्या बॅचची मुलगी खुर्चीच्या मागे येऊन उभी राहायची, त्यामुळे उठावंही लागायचं. हे उठणं फार कामाचं. जरा रंगात आलं की कुणीतरी उठवतंय, म्हणून दुसऱ्या दिवशी परत बसावंसं वाटतं. तुम्ही पाडव्याला तीन तास बसला असाल, सुट्टीच होती. चौथ्या दिवशी तीन तास कुठून आणणार?

माझ्या क्लासची खरी परीक्षा बोर्ड घेत नसे, गणपती घ्यायचा. लालबागला त्या दिवसांत क्लास चालवून दाखवा! दर्शनाची रांग आमच्या दारावरून, रात्रंदिवस. दहा-अकरा दिवस कुलूप. पहिली दोन-तीन वर्षं विसर्जनानंतर क्लास उघडला की निम्मी मुलं गायब. मी समजायचे, कंटाळली. मग एक मुलगी रस्त्यात भेटली, मान खाली घालून म्हणाली, "बाई, दहा दिवस बुडले ना, आता एवढं भरून कधी काढणार?" जी परत यायची तीसुद्धा भरपाई करायला दोन-दोन तास बसायची. बोटं दुखायची, मिस्टेका वाढायच्या, आठवड्यात तीही बंद.

तेव्हा मी हजेरीपटावर वरच लाल शाईने लिहिलं : खाड्याची भरपाई नाही. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी यायचं, फक्त दहा मिनिटं एएसडीएफ मारायचं आणि घरी जायचं. फी तीच, कुणाला ओरडा नाही. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं, तिसऱ्या दिवशी जिथे थांबलो होतो तो धडा. गळती पूर्ण थांबली नाही, खोटं कशाला बोलू, पण निम्मा क्लास रिकामा पुन्हा कधी झाला नाही.

घरात दुधाचं आपण काय करतो? भैया आला नाही की कालनिर्णयाच्या चौकटीत खाडा मांडतो आणि महिनाअखेरीला तेवढे पैसे वळते करतो. काल एक लिटर आलं नाही म्हणून आज दोन लिटर कुणी घेत नाही. घेतलं तर नासेल. तुमचं ऑडिट आलं, पंधरा दिवस बुडाले, तर पंधरा खाडे मांडा आणि सोळाव्या दिवशी एकच पान लिहा. तुम्ही हिशेबातले, आणि इथे थकबाकी पुढे ओढण्याची सवयच तुम्हाला नडतेय. ओढली जात नाही, म्हणून तुम्ही नवी वही उघडता, ओपनिंग बॅलन्स शून्य!

हे माझं घरगुती शहाणपण नाही फक्त. भाची मानसशास्त्र शिकवते, तिने सांगितलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांचा बारा आठवडे माग काढला. जेवताना एक फळ खायचं, जेवणाआधी थोडं पळायचं, असली साधी कामं. त्याचा निबंध २०१० मध्ये छापून आला. अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाचा आकडा १८, तर कुणाचा, बारा आठवड्यांपुढचा अंदाज धरून, हिशेब २५४ पर्यंत गेला. ते एकवीस दिवसांचं जे सगळे सांगतात ते इथे कुठेच नाही. आणि मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात काही मोठा फरक पडला नाही, हे मला फार आवडलं. माझा हजेरीपट त्यांना दाखवायला हवा होता.

आता पुढच्याला शहाणपण शिकवणारी मी स्वतः काय केलं ते ऐका. क्लास बंद केल्यावर दोन वर्षांनी, ५८ व्या वर्षी, पोहायला शिकायचं मनात आलं. महिनाभर बरं चाललं, मग नातवाला कांजिण्या झाल्या आणि बारा दिवस खाडा. तेराव्या दिवशी मी लागोपाठ दोन बॅचना पाण्यात उतरले. भरपाई! पोटरीत असा गोळा आला की जीवरक्षकाने दंडाला धरून काठाला आणलं, आणि काठावरच्या सगळ्या काकू बघत होत्या. परत गेले नाही. वर्षाची फी पाण्यात, अक्षरशः.

असो. तुमचं वेळापत्रक. डोंबिवलीहून उभ्याने येणाऱ्या माणसाला गाडीत अभ्यास करा असं मी सांगणार नाही. चौथ्या सीटवर अर्धी मांडी टेकवून बोरू चालत नाही. येताना डाऊनने कल्याणला जाऊन बसून येत असाल तरी डुलकी घ्या, ती तुमच्या हक्काची आहे. डबा खाऊन झाल्यावर ऑफिसच्या टेबलावरच दहा मिनिटं. वही ड्रॉवरमध्ये, डब्याच्या शेजारी. घरी न्यायची नाही, म्हणजे घरी नाही झालं ही टोचणीही नाही. ड पासून ज्ञ पर्यंत चोवीस अक्षरं उरतात. आठवड्याला पाच धरली तर पाच आठवड्यांच्या आत संपतात. खाडे धरून दोन महिने म्हणा. बोरूही राहू दे, साध्या पेनने लिहा. शाई सांडली की त्या दिवशीचं लिखाण संपतं.

त्यानंतर एक वाईट काळ येईल, तो आधीच सांगून ठेवते. बाराखडी संपेल, तुम्ही ऐटीत ट्रंक उघडाल आणि एक ओळ लागणार नाही. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढतो आणि मग त्या रेघेला अक्षरं टांगत जातो, हात शक्यतो न उचलता. शब्द सुटे नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, शिवाय प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. वहीतला र आणि कागदावरचा र यांची ओळख पटायला वेळ लागतो.

माझ्याकडे एक मुलगा होता, दोन बोटांनी मशीनकडे बघत मिनिटाला बावीस शब्द मारायचा. मी त्याच्या कीबोर्डावर पुठ्ठ्याचं झाकण घातलं, आता न बघता, दहाही बोटांनी. बावीसवरून नऊवर आला. चिडला. म्हणाला, बाई, तुम्ही मला मागे नेलंत. दोन दिवस आला नाही, तिसऱ्या दिवशी त्याची बहीण कॉलर धरून घेऊन आली. सहा आठवडे तो दहा-अकराच्या आसपास रुतून बसला होता. मी रोज त्याच्या कागदाच्या कोपऱ्यात स्पीड लिहायचे, ते बंद केलं आणि फक्त तारीख टाकायला लागले. त्या आकड्याने त्याचं रोज मन मोडत होतं. पुढे सप्टेंबरात एकदम सतरा, मग चोवीस, डिसेंबरात तीस पास.

तर त्या काळात किती वाचता आलं हे मोजू नका, बसलात एवढीच खूण करा. सुरुवातीला ट्रंकेतला सगळ्यात छोटा कागद निवडा. एखादी शेतसाऱ्याची पावती असेल, चार ओळींची. त्यातले आकडे आणि तारीख आधी शोधा. ते लागले की गावाचं नाव आणि आजोबांचं नाव, कारण ते दोन शब्द कागदात असणारच हे तुम्हाला माहीत आहे. माहीत असलेला शब्द अनोळखी अक्षरांत शोधणं सोपं जातं आणि त्याने मिळालेली चार अक्षरं पुढच्या ओळीत उपयोगी पडतात. साठ-सत्तर कागद हे ध्येय ठेवू नका. एक पावती.

तिथेही अडलात तर माणसं आहेत. पुराभिलेख संचालनालय तुमच्या फोर्टातच, काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. त्यांच्यातर्फे मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतले जातात. पुढचा कधी ते जाऊन विचारा. बाराखडी झाल्यावरच जा हं. आत्ता गेलात तर तो पाचवी वही आणण्याचाच प्रकार होईल.

तुमच्यात काही कमी आहे का, हे विचारलंत. चार वेळा सोडलेली गोष्ट पाचव्यांदा करायला निघालेल्या माणसाला हा प्रश्न मी विचारणार नाही. ड काढा.

बाई, मी २० वर्षांची आहे. रोज सकाळी शिवाजी पार्कला पळायला जायचं ठरवलं आणि स्टेटसला "दिवस पहिला", "दिवस दुसरा" असं टाकत होते. नवव्या दिवशी झोपच उघडली नाही. आता सगळे विचारतात, काय गं, सोडलंस? म्हणून जायलाच लाज वाटते. काय करू?

– सा., प्रभादेवी

सा., वरच्या काकांचं उत्तर वाच, निम्मं तुझंच आहे. वेगळं एवढंच की त्यांचा खाडा त्यांच्या बायकोला माहीत आहे, तुझा तीनशे जणांना. "दिवस दहावा" लिहायला नववा लागतो, म्हणून तू अडकलीस. आकडा टाकणं बंद कर. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, आई दुधाचे खाडे मांडते तिथेच, गेलीस त्या दिवशी एक टिंब काढ. महिनाअखेरीला टिंबं मोज, सलग किती ते बघू नकोस.

उद्या पळू नकोस. पार्काची एक फेरी चालत मार, कट्ट्यावर पाच मिनिटं बस आणि घरी ये. कुणी विचारलं तर "जाते कधी कधी" म्हण, त्यावर पुढे कुणी काही विचारत नाही. बूट रात्रीच दाराशी काढून ठेव, मोजे आत घालून. आणि गुडघा दुखायला लागला तर मला पत्र लिहीत बसू नकोस, डॉक्टरांना दाखव.