मर्ल ओबेरॉनचा मुंबईतला जन्म आणि 'नोंद आढळत नाही' असे सांगणारे पत्र

नमस्कार.

दिवाळी अंकासाठी जुन्या हॉलिवूडमधली अभिनेत्री मर्ल ओबेरॉन हिच्यावर लेख लिहिताना आपण तिचा जन्म मुंबईतला असल्याचे म्हटले, संपादकांनी पुरावा मागितला, आपण एका कार्यालयात अर्ज केला आणि तिथून 'नोंद आढळत नाही' असे पत्र आले. आता मुंबईचा उल्लेख गाळावा, की 'काहींच्या मते टास्मानिया' (ऑस्ट्रेलियाचे बेट) अशी पुस्ती जोडून सगळ्यांचे समाधान करावे, असे आपण विचारले आहे. उल्लेख गाळू नका आणि टास्मानियाची पुस्ती तर मुळीच जोडू नका. काही वर्षांपूर्वी मी याच वाटेने गेलो होतो आणि आपण दिलेला पत्राचा मजकूर माझ्याकडच्या पत्राशी जवळजवळ शब्दशः जुळतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

मुळात जन्मस्थळाचा प्रश्न आता वादाचा राहिलेलाच नाही. तिचा जन्म १९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईत झाला. घरातले नाव क्वीनी, कागदावरचे एस्टेल मर्ल, आणि आडनाव थॉम्पसन. जन्मदाखल्यावर वडील म्हणून आर्थर थॉम्पसन या रेल्वेतल्या इंग्रज अभियंत्याचे आणि आई म्हणून कॉन्स्टन्स सेल्बी हिचे नाव आहे. ही कॉन्स्टन्स त्या वेळी अगदी कोवळ्या वयाची मुलगी होती. तिची आई शार्लट मूळची सिलोनची, मिश्र वंशाची. तिने नातीला स्वतःची मुलगी म्हणून वाढवले आणि कॉन्स्टन्सला तिची बहीण म्हणून. थॉम्पसन महायुद्धात फ्रान्समध्ये न्यूमोनियाने गेला. १९१७ मध्ये शार्लट मुलीला घेऊन कलकत्त्याला गेली, आणि मुंबईचा संबंध तिथेच संपला. पुढचे आपल्याला माहीत असणारच, त्यामुळे त्यात शिरत नाही.

आता त्या कार्यालयाविषयी. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसे बदलली असतील आणि मला कुणाशी भांडण उकरून काढायचे नाही. माझ्या अर्जाच्या विषयात 'अभिनेत्री मर्ल ओबेरॉन यांच्या जन्मनोंदीबाबत' असे होते आणि खाली पहिल्याच परिच्छेदात थॉम्पसन हे आडनाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावे असे सगळे व्यवस्थित मांडलेले होते. टेबलावरच्या गृहस्थांनी विषयापलीकडे काही वाचले नाही. लाल कापडी बांधणीच्या जाडजूड वह्या त्यांच्या मागच्या कपाटावर रचलेल्या होत्या. त्यांतली एकही खाली उतरली नाही. काही दिवसांनी पत्र मिळाले ते असे: '१९११ सालच्या नोंदवहीत ओबेरॉन या आडनावाची नोंद आढळत नाही.' आढळेल कशी? ओबेरॉन हे नाव लंडनमध्ये पडद्यासाठी घेतलेले आहे. ते १९११ साली कोणत्याही वहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. हे निदर्शनास आणून दिल्यावर नवा अर्ज करा असे सांगण्यात आले, नव्या अर्जासोबत अभिनेत्रीशी असलेल्या नात्याचा पुरावा मागण्यात आला, मग वह्या बांधणीला गेल्याचे कळले, आणि त्यानंतर संबंधित साहेबांची बदली झाली. सरकारी दप्तराशी ज्याचा संबंध आला आहे त्याला यातले काहीच नवे वाटणार नाही.

खरे नुकसान मात्र हेलपाट्यांनी झाले नाही. ते त्या एका शिक्क्याच्या पत्राने झाले. माझ्या लेखाच्या संपादकांना चरित्रे, त्यांतले संदर्भ आणि नातेवाइकांची साक्ष यांपेक्षा गोल शिक्का अधिक विश्वासार्ह वाटला. मुंबईचा परिच्छेद कापला गेला आणि 'जन्म बहुधा टास्मानियात' असे छापून आले, तेही माझ्या नावाखाली. नंतर ते वाक्य दोन-तीन ठिकाणी माझ्याच लेखाचा हवाला देऊन उद्धृत झालेले पाहिले तेव्हा काय वाटले असेल, त्याची कल्पना आपण करू शकाल. म्हणून पहिली विनंती ही की, आपल्या पत्रात शोध कोणत्या आडनावाने घेतला आहे ते नीट पाहा, आणि ते पत्र संपादकांकडे अद्याप पाठवले नसेल तर त्यासोबत आपली टीप जोडल्याखेरीज पाठवू नका.

यात मला सर्वांत खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. कागद न सापडणे हेच तर मूळ थापेचे भांडवल होते. तिची प्रसिद्धी करणाऱ्यांनी तिला टास्मानियातल्या होबार्टची ठरवले, कारण ते गाव लंडन आणि लॉस एंजेलिस या दोन्हींपासून इतके दूर होते की तिथे जाऊन चौकशी करण्याच्या भानगडीत कुणी पडणार नव्हते. आणि कुणी दाखला मागितलाच तर आगीत कागदपत्रे जळाली, असे उत्तर तयार होते. तिथे दाखला नाही म्हणून जन्म तिथला, आणि इथे दाखला दिसला नाही म्हणून जन्म इथला नव्हे! दोन्हीकडे नसलेल्या कागदाचा लाभ त्या एकाच थापेला मिळतो. होबार्टच्या लोकांनी मात्र ही गोष्ट मनापासून आपली मानली होती. १९७८ मध्ये तिथल्या महापौरांनी तिचा स्वागतसमारंभ ठेवला. समारंभात आपला जन्म इथला नसल्याचे तिने सांगितले आणि प्रकृती बरी नसल्याचे कारण देऊन ती निघून गेली. जहाजाने जात असताना वडील आजारी पडल्यामुळे लहानपणी आपल्याला इथे उतरावे लागले होते, अशी नवीच हकीकत तिने त्या दौऱ्यात ऐकवल्याचेही नमूद आहे. म्हणजे जुनी थाप मोडताना तिला दुसरी लागली. पुढच्याच वर्षी, २३ नोव्हेंबर १९७९ रोजी, ती मालिबूत वारली.

दाखला अखेर सापडला तो मुंबईतल्याच सरकारी दप्तरात, आणि शोधणारा होता कॉन्स्टन्सचा मुलगा. आपण मर्लचा भाचा आहोत अशी त्याची समजूत होती; कागद हाती आल्यावर आपण तिचा सावत्र भाऊ असल्याचे त्याला कळले. तो तिला भेटायला लॉस एंजेलिसला गेला, पण तिने भेट नाकारली. आपल्या संपादकांपुढे ठेवायचा पुरावा हा आहे. अधिकृत नक्कल आपल्याच हाती यायला हवी असा त्यांचा आग्रह असेल तर मला तो अवाजवी वाटतो. दुसरीकडे प्रसिद्ध झालेल्या आणि तपासलेल्या कागदाचा हवाला देणे ही मान्य पद्धत आहे. अर्थात मी इतिहासाचा प्राध्यापक नव्हे आणि वकील तर नव्हेच, तेव्हा हे माझे मत म्हणूनच घ्यावे.

जाता जाता एक उपयोगी माहिती. कंपनी सरकारच्या काळापासून भारतातल्या चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात असत. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या, म्हणजे लंडनमधल्या भारतविषयक सरकारी खात्याच्या, दप्तरात आहेत. बंगालची मालिका 'एन/१', मद्रासची 'एन/२' आणि मुंबईची 'एन/३'. त्यांतला बराच भाग आता संगणकावर पाहता येतो. सगळ्या पंथांची सगळी मुले त्यात सापडतील असे नाही, परंतु अँग्लो-इंडियन किंवा युरोपीय घराण्यांचा शोध घेणाऱ्याने इथल्या खिडकीवर उभे राहण्याआधी ती मालिका चाळावी. थॉम्पसन हे आडनाव 'पी' अक्षरासह आणि त्याच्याशिवाय, अशा दोन्ही प्रकारे शोधावे, कारण खुद्द क्वीनीच्या बाबतीत दोन्ही रूपे आढळतात.

थाप का मारावी लागली, हा भाग आपल्या लेखात दोन ओळींत उरकला आहे. तिथे मात्र सैल हाताने लिहा, असे मी म्हणेन. तिला पुढे आणणारा निर्माता अलेक्झांडर कोर्डा. १९३३ मध्ये आठव्या हेन्रीवरच्या त्याच्या चित्रपटात ती हेन्रीची राणी ॲन बोलीन होऊन जेमतेम काही मिनिटे दिसली आणि तेवढ्यावर तिचे नाव झाले. याच कोर्डाने १९३७ मध्ये म्हैसूरकडच्या साबूला हत्तीवरचा मुलगा म्हणून पडद्यावर आणले, तेव्हा त्याचे भारतीयपण लपवले नाही, उलट जाहिरातीत मिरवले. जंगलातल्या पोराने भारतीय असणे खपणारे होते. इंग्रज सरदाराशी प्रेम करणाऱ्या नायिकेने असणे खपणारे नव्हते. हॉलिवूडच्या निर्मितीसंहितेत, म्हणजे पडद्यावर काय दाखवावे याच्या स्टुडिओंच्या नियमावलीत, गोऱ्या आणि काळ्या वंशांतल्या लैंगिक संबंधांच्या चित्रणाला बंदी होती. पुष्कळजण लिहितात की त्यात आशियाईंचाही उल्लेख होता. शब्दांत तो नव्हता, व्यवहारात मात्र स्टुडिओ तो धरून चालत. चिनी शेतकऱ्यांवरच्या १९३७ च्या चित्रपटात नायक गोरा पॉल म्यूनी असल्यामुळे नायिकेची भूमिका चिनी वंशाची अमेरिकन अभिनेत्री ॲना मे वाँग हिला मिळाली नाही. ती लुईस रायनरने केली आणि तिला ऑस्करही मिळाले. शिवाय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भगतसिंग थिंड या तिथे स्थायिक झालेल्या भारतीयाच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरवले होते, आणि ती दारे १९४६ च्या कायद्याने किलकिली झाली. हे सगळे डोळ्यांसमोर ठेवले की 'तिला आपल्या मातीची लाज वाटत होती' हे आपल्या मसुद्यातले वाक्य फार सोपे वाटू लागते. ते काढावे अशी माझी सूचना आहे. उद्या 'मुंबईची लेक' म्हणून तिची मिरवणूक काढायलाही माझी तितकीच हरकत आहे. तिने आयुष्यभर जे नाकारले ते आपण तिच्या गळ्यात हारासारखे घालणे मला बरे दिसत नाही.

या लपवालपवीची किंमत दाखवायची असेल तर एकच वस्तू पुरे आहे. शार्लट १९३७ मध्ये वारली. १९४९ मध्ये मर्लने आईच्या जुन्या छायाचित्रावरून तैलचित्र काढून घेतले आणि चित्रकाराला वर्ण उजळ करण्यास सांगितले. ते तिने शेवटपर्यंत घरात लावलेले होते. ती पाहुण्यांसमोर आईला मोलकरीण म्हणवत असे, ही गोष्ट सगळीकडे छापलेली असते, पण ती ऐकीव आहे. तैलचित्राशेजारी तिची गरजही भासत नाही. त्याचप्रमाणे, वर्ण उघडा पडेल म्हणून ती रंगीत चित्रपट टाळत असे, असे आपण लिहिले आहे, ते दुरुस्त करा. १९३८ मध्येच ती लॉरेन्स ऑलिव्हिएसोबत टेक्निकलरमध्ये झळकली होती.

'ओबी' दिव्याची हकीकत मात्र जरूर ठेवा. १९३७ मध्ये लंडनला मोटार अपघातात तिच्या चेहऱ्याला इजा झाली आणि तिची भूमिका असलेला, दिग्दर्शक योसेफ फॉन स्टर्नबर्गचा रोमन सम्राटावरचा चित्रपट कायमचा अर्धवट राहिला. पुढे छायाचित्रकार ल्यूसियन बॅलर्डने कॅमेऱ्याच्या भिंगालगत एक छोटा दिवा बसवला, ज्याचा उजेड समोरून सरळ चेहऱ्यावर पडतो आणि व्रण बुजवून टाकतो. त्याला तिच्याच नावावरून ओबी म्हणतात. बॅलर्डशी तिने १९४५ मध्ये लग्न केले. आधीचा नवरा कोर्डाच. त्याला १९४२ मध्ये 'सर' किताब मिळाल्यामुळे काही काळ ती लेडी कोर्डा होती. त्यानंतरच्या दोन लग्नांना आपण जितकी जागा दिली आहे तितकी देण्याचे कारण मला दिसले नाही.

ती जागा अभिनयाला द्या. माझी जुनी तक्रार अशी की तिच्यावर लिहिणारे सगळे, मीही त्यात आलो, जन्माच्या रहस्यात इतके गुरफटतात की ही बाई काम कसे करत होती हे सांगायचेच राहते. १९३५ मधल्या 'द डार्क एंजल'साठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर नामांकन मिळाले. पुरस्कार बेटी डेव्हिसला गेला. आज त्या नामांकनाची गणना या विभागातले आशियाई वंशाच्या अभिनेत्रीचे पहिले नामांकन म्हणून होते, आणि २०२३ मध्ये मलेशियाची मिशेल यो हा पुरस्कार जिंकली तेव्हा मर्लचे नाव पुन्हा निघाले ते त्यामुळेच. विल्यम वायलरच्या १९३९ मधल्या 'वदरिंग हाइट्स'मध्ये ती नायिका कॅथी होती. त्या चित्रपटाला आठ नामांकने मिळाली, त्यांत नायक ऑलिव्हिएचे होते, तिचे नव्हते. हा अन्याय होता असे माझे वैयक्तिक मत आहे. नवरा एडगरच्या घरातले सुख आणि मनातली ओढ यांच्यात पिळवटलेली कॅथी तिने आवाज न चढवता उभी केली आहे. इथे कुणी 'ती फक्त सुंदर होती' म्हणेल, तर त्याने तिचा शेवटचा प्रसंग आवाज बंद करून पाहावा.

संपादकांसाठी मजकूर साधारण असा द्यावा: 'जन्म मुंबई, १९ फेब्रुवारी १९११, एस्टेल मर्ल थॉम्पसन या नावाने, होबार्ट हे जन्मस्थळ चित्रपट प्रसिद्धीसाठी रचलेले होते आणि १९७८ मध्ये तिने ते स्वतः नाकारले.' कॉन्स्टन्सच्या वयाबाबत चरित्रकारांत बारा ते चौदा असा फरक आहे, तेव्हा आकडा टाळून 'अल्पवयीन' म्हणा आणि त्या प्रकरणाला चुरचुरीत मथळा लावू देऊ नका. त्यात एका लहान मुलीवर काय ओढवले होते ते वाचणाऱ्याला आपोआप समजते. एवढे करूनही संपादकांनी शिक्क्याचाच हट्ट धरला तर लेख दुसऱ्या अंकाला द्या. दिवाळी अंकांना आपल्याकडे तोटा नाही.